ताटातील रोजी आणि हातातील कॅमेरा : शुक्राचे दोन घरगुती धडे



शुक्र म्हणजे कृतज्ञता हा विषय आपल्याला नवा नाही. तो जुम्याच्या खुत्ब्यात येतो, रमजानच्या रात्री येतो, निकाह आणि अकीक्याच्या मजलिशीत येतो. ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा शब्द तर आपल्या घरांतून दिवसभर ऐकू येतो. तरीही प्रत्येकाने आपल्या घरापुरता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. जेवण संपल्यावर जी जीभ अल्लाहची प्रशंसा करते, तीच जीभ जेवण सुरू होताना काय बोलत होती? मीठ कमी आहे, रस्सा पातळ झाला आहे, आज पुन्हा डाळच का, भाकरी कडक आहे. शेवटच्या एका शब्दाने आधीच्या सगळ्या शब्दांची भरपाई झाली असे समजून आपण हात धुऊन उठतो.

शुक्राची सुरुवात जिभेच्या बरीच आधी, डोळ्यांपासून होते. ज्याने नेमत पाहिलीच नाही, तो तिच्याबद्दल कृतज्ञ होणार कसा? म्हणून या लेखात घरातल्याच दोन गोष्टी अभ्यासाला घेऊ. पहिली, जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असलेला मोबाइलचा कॅमेरा. दुसरी, रोजचा घरचा स्वयंपाक. पहिली पाहायला शिकवू शकते, दुसरी पाहिलेल्याचे मोल हातांना शिकवू शकते. या दोन्ही गोष्टी शुक्राचे साधन होतात, तशाच दिखाव्याचे आणि नाशुक्रीचेही होतात. कोणती बाजू धरायची हे अल्लाहने आपल्या निवडीवर सोडले आहे आणि त्या निवडीचा हिशोबही ठेवला आहे.

शब्दांत दडलेला अर्थ

अरबी भाषेत थोड्या चाऱ्यावर पुष्ट होणाऱ्या जनावराला ‘शकूर’ म्हणतात. त्याने खाल्लेला चारा त्याच्या अंगावर दिसतो. म्हणजे मिळालेल्या नेमतीचा परिणाम घेणाऱ्याच्या ठायी उमटणे, हा अर्थ शुक्र या शब्दाच्या मुळाशी आहे. याच्या विरुद्ध शब्द ‘कुफ्र’. त्याचा मूळ अर्थ झाकणे. सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत याच धातूपासून आलेला शब्द, अनेक भाष्यकारांच्या मते, शेतकऱ्यांसाठी वापरला आहे. कारण ते बी मातीखाली झाकतात. नाशुक्री करणारा माणूसही असेच काही करतो. तो मिळालेल्या देणगीवर सवयीची माती लोटतो आणि मग आपल्याला काहीच मिळाले नाही म्हणून तक्रार करतो.

आपली मराठी भाषाही येथे मागे नाही. ‘कृतज्ञ’ म्हणजे कृत जाणणारा, आपल्यासाठी जे केले गेले ते ओळखणारा. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्याचा घात करणारा. जाणणे आणि मारणे यांच्यामध्ये मराठीने तिसरी जागा ठेवलेली नाही. दिव्य कुरआनातही सुलैमान (अलै.) यांच्या तोंडी हाच आशय येतो. डोळ्यांदेखत सबाच्या राणीचे सिंहासन हजर झालेले पाहून त्यांनी आपल्या सामर्थ्याचा गर्व केला नाही. ही माझ्या पालनकर्त्याची कृपा आहे आणि मी कृतज्ञ होतो की कृतघ्न, याची ही परीक्षा आहे, असे ते म्हणाले (सूरह नम्ल, आयत ४०). लक्षात घ्या, त्यांनी नेमतीलाच परीक्षा म्हटले. आपण मात्र फक्त संकटाला परीक्षा समजतो.

इमाम गजाली (रह., निधन इ.स. ११११) यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’ या ग्रंथात शुक्राचे तीन भाग सांगितले आहेत : इल्म, हाल आणि अमल. इल्म म्हणजे ही नेमत आहे आणि ती अल्लाहकडून आली आहे हे ओळखणे. हाल म्हणजे त्या ओळखीतून मनात उपजणारा, विनम्रतेने भरलेला आनंद. अमल म्हणजे त्या आनंदाने जीभ, हात आणि इतर अवयवांनी केलेली, देणाऱ्याला आवडणारी कृती. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओळख नसेल तर आनंद नाही, आनंद नसेल तर कृती कोरडी. आपला पुढचा अभ्यास याच क्रमाने करू.

पाहण्याचा धडा : कॅमेरा

सूरह नह्लच्या ७८व्या आयतीचा आशय असा की, अल्लाहने तुम्हाला मातांच्या उदरातून बाहेर आणले तेव्हा तुम्हाला काहीच ठाऊक नव्हते; त्याने तुम्हाला कान, डोळे आणि हृदये दिली, ती अशासाठी की तुम्ही शुक्र करावा. म्हणजे डोळ्याचे प्रयोजनच शुक्र आहे. रस्ता ओलांडणे, अक्षर वाचणे, बाजारात भाजी निवडणे ही डोळ्याची कामे खरी, पण या आयतीने सांगितलेले काम त्या सर्वांच्या वरचे आहे.

कॅमेऱ्याचा आणि आपल्या ज्ञानपरंपरेचा एक जुना संबंधही येथे सांगण्यासारखा आहे. दहाव्या शतकात बसरा येथे जन्मलेले आणि पुढे इजिप्तमध्ये राहिलेले विद्वान इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात पाहण्याच्या क्रियेचा सखोल अभ्यास मांडला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि त्यामुळे वस्तू दिसते, हे जुने मत त्यांनी खोडून काढले. प्रकाश वस्तूवरून डोळ्याकडे येतो, म्हणून वस्तू दिसते, हे त्यांनी सिद्ध केले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्यांनी केले. आजचा कॅमेरा हे त्याच अंधाऱ्या खोलीचे लहानसे रूप आहे. या शोधात विज्ञानाबरोबर एक बोधही आहे : दिसणे ही गोष्ट आपण जगाकडे पाठवत नाही, ती आपल्याकडे येते. दृष्टी आपली मिळकत नव्हे, ती आपल्या दारी येणारी रोजी आहे.

छायाचित्र काढताना माणूस तीन गोष्टी करतो. तो थांबतो, तो निवडतो आणि तो प्रकाशाचा विचार करतो. रोजच्या घाईत आपण या तिन्ही गोष्टी गमावून बसलो आहोत. सकाळी नऊच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारी तिरीप सुपातल्या तांदळावर पडते, तेव्हा दाणे कसे चमकतात, हे त्या घरात वीस वर्षे राहणाऱ्याने कदाचित पाहिलेले नसते. नुकत्याच विसळलेल्या भांड्यांवरचे थेंब, दादीच्या मुसल्ल्याशेजारी ठेवलेली तस्बीह, जिना चढून आलेल्या वडिलांच्या झिजलेल्या टाचेच्या चपला, शाळेच्या दप्तराबाहेर डोकावणारा रिकामा डबा. यांतले एकही दृश्य विकत आणावे लागत नाही. प्रत्येकात मात्र एक नेमत झाकलेली आहे : अन्न, वाहते पाणी, वडीलधाऱ्यांची सावली, हलालची कमाई, मुलाची भूक आणि ती भागवणारे हात. ज्याने दिवसातून एकदा थांबून असे एक दृश्य निवडले, त्याने सवयीची माती थोडी तरी बाजूला सारली. गजालींच्या भाषेत हा शुक्रातला इल्म होय.

त्या झिजलेल्या चपलांचेच पाहा. चित्रात वडील नाहीत, तरी ते पूर्णपणे आहेत. किती पायऱ्या, किती फेऱ्या, पावसाळ्यात किती चिखल तुडवून घरात पीठ आले, हे त्या टाचा सांगतात. असे चित्र पाहून मुलाच्या मनात वडिलांविषयी माया दाटून आली आणि त्याच्या तोंडून त्यांच्यासाठी दुआ निघाली, तर त्या चित्राने आपले काम केले.

येथे शरीअतची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. सजीवांच्या चित्रांविषयी हदीसमध्ये कठोर इशारे आले आहेत. कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र त्या इशाऱ्यांत मोडते की नाही, याविषयी उलमांमध्ये मतभेद आहे. आपल्या देशातील अनेक उलमा सजीवांचे छायाचित्र ओळखपत्र, पासपोर्ट अशा गरजेपुरतेच योग्य मानतात. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई (निधन १९३५) यांनी मात्र असे मत मांडले की, छायाचित्र ही नवी निर्मिती नसून असलेल्या सावलीलाच धरून ठेवणे आहे. आपल्या मराठीत या वस्तूला ‘छायाचित्र’ म्हणतात, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांचे मत पाळावे आणि दुसऱ्या मताच्या भावाशी वाद घालू नये.

मात्र निर्जीव वस्तू आणि निसर्ग यांच्या चित्रांविषयी मार्ग मोकळा आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक मनुष्य इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला प्रेषित (स.) यांचा इशारा ऐकवला आणि चित्रे काढायचीच असतील तर झाडांची व ज्यांत प्राण नाही अशा वस्तूंची काढ, असे सांगितले. ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. म्हणून या लेखात सुचवलेली सगळी दृश्ये प्रकाश, अन्न, झाड, पाणी आणि वस्तू यांचीच आहेत. त्यांत कोणाचा चेहरा नाही, कोणाच्या पडद्याला धक्का नाही. आणखी एक पथ्य असे की, नमाजच्या वेळी हा कॅमेरा दूर असावा. चित्रे असलेला एक पडदा नमाजमध्ये लक्ष विचलित करतो म्हणून प्रेषित (स.) यांनी आदरणीया आयेशा (रजि.) यांना तो दूर करायला सांगितले होते. घरातल्या पडद्याची ही गोष्ट, तर खिशात थरथरणाऱ्या फोनचे काय?

ताटाकडे पाहण्याचा आदेश

आता स्वयंपाकघराकडे वळू. सूरह अबसमध्ये (आयती २४ ते ३२) अल्लाहने मनुष्याला आपल्या अन्नाकडे पाहण्यास सांगितले आहे. तेथे खाण्याचा उल्लेख नंतर आहे, पाहण्याचा आधी. मग क्रम येतो : वरून ओतलेले पाणी, भेगाळून उघडलेली जमीन, तिच्यातून उगवलेले धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून, खजूर, दाट बागा, फळे आणि चारा, हे सारे तुमच्यासाठी आणि तुमच्या जनावरांसाठी. म्हणजे ताटापासून उलटे चालत ढगापर्यंत जायचे, असा हा पाठ आहे.

हा पाठ आपल्या ताटावर करून पाहू. कोकणातील घरात तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण आहे. तो तांदूळ जूनच्या पहिल्या पावसात पेरला गेला, जुलैत चिखलात वाकून कोणीतरी त्याची लावणी केली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची कापणी झाली. वाटणातला नारळ फुलापासून पिकेपर्यंत सुमारे वर्षभर झाडावर होता. आमसूल एप्रिल-मेच्या उन्हात, पाऊस येण्याआधी, कोणीतरी वाळवले. मासा ज्याने आणला तो रात्र समुद्रावर जागला. मीठ मिठागरात समुद्राचे पाणी सुकवून मिळाले. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील घरात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण आहे. ती ज्वारी पाऊस ओसरल्यावर पेरली गेली आणि काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर, थंडीच्या दवावर वाढली. तूर जूनमध्ये पेरली आणि हिवाळ्यात हाती आली. एका ताटात वर्षाचे तिन्ही ऋतू, ऊन, समुद्र, माती आणि ओळखदेखही नसलेल्या कितीतरी माणसांचे श्रम एकत्र आले आहेत. त्यांत वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या गावांची माणसे आहेत. अल्लाहने त्या सर्वांना आपल्या घासासाठी कामाला लावले.

सूरह वाकिआमध्ये (आयती ६३ ते ७०) अल्लाह विचारतो की, तुम्ही जे पेरता ते उगवणारे तुम्ही की आम्ही? तुम्ही पिता ते पाणी ढगांतून तुम्ही उतरवले की आम्ही? आम्ही इच्छिले असते तर ते खारे केले असते, मग तुम्ही शुक्र का करत नाही? ज्या गावांत मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथील वाचकाला या आयतीवर वेगळे भाष्य नको.

ओळखीकडून आनंदाकडे जाण्याचा, म्हणजे इल्मकडून हालकडे जाण्याचा सोपा मार्ग स्वतः स्वयंपाक करणे हा आहे. वाचून कळलेले आणि हाताने कळलेले यांत अंतर असते. तांदळाच्या पिठाची उकड काढणे, ती गरम असतानाच मळणे, परातीत भाकरी थापणे, तव्यावर टाकून तिला पाणी फिरवणे, उलटणे आणि ती फुगेल की नाही याची वाट पाहणे, हे ज्याने एकदा केले, तो पुढे भाकरीला नावे ठेवताना दहा वेळा विचार करील. ती फुगली की जो आनंद होतो, त्यात एक नम्रताही असते. कारण पीठ, पाणी आणि आच आपण दिली, तरी फुगवणारा हात आपला नव्हता, हे तेथे समजते.

चुलीशी उभे असणाऱ्यांचा हक्क

येथे आपण या लेखातील सर्वांत अवघड भागाकडे येतो. अल्लाहचे आभार मानणे आपल्याला सोपे वाटते, माणसांचे मानणे जड जाते. प्रेषित (स.) यांनी तर हे दोन्ही बांधून टाकले : जो लोकांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत या आशयाची हदीस आहे. आता विचार करा, आपल्या आयुष्यात आपल्यासाठी सर्वांत जास्त वेळा काहीतरी केलेली व्यक्ती कोण? दिवसाला दोन वेळचे जेवण धरले तरी वर्षाला सातशे तीस वेळा आई किंवा पत्नी चुलीशी उभी राहिली. त्या सातशे तीसपैकी किती वेळा आपण एक चांगला शब्द बोललो? आणि मीठ चुकलेले किती दिवस आपल्या स्मरणात आहेत?

आदरणीय अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) यांनी कधीही अन्नाला दोष दिला नाही, आवडले तर खाल्ले, नाही आवडले तर सोडले. बुखारी आणि मुस्लिममधील ही हदीस आपल्याला ठाऊक असते, पण तिची कसोटी फक्त घरातल्या दस्तरखानावर लागते, जलशात नाही. आदरणीय जाबिर (रजि.) यांची रिवायत तर त्याहून पुढे जाते. प्रेषित (स.) यांनी घरी तोंडीलावणे मागितले, तेव्हा सिरक्याखेरीज काही नाही असे उत्तर आले. त्यांनी तोच मागवला, तो खाऊ लागले आणि सिरका हे किती उत्तम तोंडीलावणे आहे, अशी पुन्हा पुन्हा प्रशंसा केली. ज्या घरात दुसरे काही नव्हते, त्या घरातील माणसांचे मन त्या एका वाक्याने किती हलके झाले असेल! दोष न देणे ही पहिली पायरी झाली. असलेल्याची प्रशंसा करणे ही दुसरी.

आणखी एक हदीस बुखारीत आहे. सेवकाने अन्न आणले आणि त्याला सोबत बसवले नाही, तर निदान एक-दोन घास तरी त्याला द्यावेत. कारण त्या अन्नाची आच आणि मेहनत त्याने सोसली आहे. सेवकाच्या बाबतीत ही शिकवण असेल, तर जी आई सर्वांना वाढून शेवटी कढईतले उरलेले खाते, तिच्या बाबतीत काय असावे? अनेक घरांत पुरुष आणि मुले आधी जेवतात, गरम भाकरी त्यांच्या ताटात जाते आणि करणारीला थंड. ही रीत कोणत्याही आयतीत नाही. प्रेषित (स.) घरी काय करत, असे विचारल्यावर आदरणीया आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघून जात. म्हणून जो पुरुष सुन्नतप्रमाणे दाढी राखतो, मिसवाक करतो, त्याने परातीला हात लावण्यात कमीपणा मानू नये. तीही सुन्नतच आहे.

शुक्र म्हणजे अमल

सूरह सबाच्या तेराव्या आयतीत दाऊद (अलै.) यांच्या घराण्याला शुक्र ‘करण्याचा’ आदेश आहे आणि पुढे असे म्हटले आहे की, माझ्या दासांपैकी कृतज्ञ थोडेच आहेत. भाष्यकारांनी येथे लक्ष वेधले आहे की, क्रियापद बोलण्याचे नाही, अमलाचे आहे. रात्रीच्या नमाजमध्ये प्रेषित (स.) यांचे पाय सुजत, एवढे कष्ट कशासाठी असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते की, मी कृतज्ञ दास होऊ नये काय? स्वयंपाकघरातील शुक्राचे अमल तीन.

पहिला, वाया न घालवणे. सूरह आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकाच दमात आली आहे. खाली पडलेला घास स्वच्छ करून खावा, सैतानासाठी सोडू नये, बरकत अन्नाच्या कोणत्या भागात आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, ही मुस्लिममधील शिकवण आहे. आपल्या दावतींच्या मंडपामागील पिंपांत बिर्याणीचे जे ढीग दिसतात, त्यांचे उत्तर कोण देणार?

दुसरा, वाटून खाणे. प्रेषित (स.) यांनी आदरणीय अबू जर (रजि.) यांना सांगितले की, रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. यात श्रीमंतीची अट नाही; वाढवायचे ते पाणी आहे. शेजारी कोणत्या धर्माचा, हेही तेथे विचारलेले नाही. आपल्या गावांत ईदचा शीरखुर्मा शेजारी जातो आणि दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, ही रीत जपण्यासारखी आहे.

तिसरा, दिखावा टाळणे. सूरह जुहाच्या शेवटच्या आयतीत पालनकर्त्याच्या कृपेचा उल्लेख करण्याचा आदेश आहे, तो दाखला देऊन काही जण रोजच्या ताटाचे फोटो स्टेटसवर ठेवतात. कृपेचा उल्लेख आणि वैभवाचे प्रदर्शन यांच्यातील फरक हेतूत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. शेजाऱ्याला आपल्या हांडीच्या वासाने त्रास देऊ नये, त्यातले थोडे त्याला द्यावे, असे एक वचन सांगितले जाते. त्याची सनद उलमांनी कमकुवत मानली आहे, पण त्याचा आशय वरील अबू जर यांच्या हदीसशी जुळतो. हांडीचा वास भिंतीपलीकडे जाई, स्टेटस पाचशे घरांत जाते. त्या पाचशे घरांत कोणाची चूल आज पेटली नाही, कोणाची नोकरी गेली, कोण इद्दतीत बसली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. वासाबरोबर वाटी पाठवता येत होती. फोटोबरोबर काय पाठवणार?

याचा अर्थ कोणतेही चित्र कोणालाही पाठवू नये असा नाही. कोकणातून आखातात गेलेल्या मुलाला आई आजच्या दस्तरखानाचे चित्र पाठवते आणि तुझी जागा रिकामी आहे म्हणते, तेव्हा ती नात्याची ऊब असते. कसोटी सोपी आहे : चित्र मिळाल्यावर समोरच्याच्या तोंडून दुआ निघेल की उसासा? दुआ निघेल तेथे पाठवावे, शंका असेल तेथे स्वतःजवळ ठेवावे. आणि गरम अन्न समोर असताना ‘बिस्मिल्लाह’ला थांबवून दहा कोनांतून फोटो काढणे, हे तर शुक्राच्या नावाने शुक्र विसरणे झाले.

ज्या घरी आज काही नाही

काही वाचक म्हणतील की, ही सारी भरल्या घरांची भाषा आहे. हा आक्षेप गंभीर आहे. आदरणीया आयेशा (रजि.) सांगतात की, दोन महिन्यांत तीन चंद्रकोरी दिसत आणि प्रेषित (स.) यांच्या घरांत चूल पेटत नसे, खजूर आणि पाणी यांवर गुजराण होई. एके दिवशी भुकेने प्रेषित (स.), आदरणीय अबू बक्र (रजि.) आणि आदरणीय उमर (रजि.) घराबाहेर पडले. एका अन्सारीने त्यांना खजूर, मांस आणि गोड पाणी दिले. भूक भागल्यावर प्रेषित (स.) यांनी सांगितले की, या नेमतीविषयी कयामतच्या दिवशी तुम्हाला विचारले जाईल. भुकेल्या पोटी निघालेल्या माणसांनाही एका जेवणाचा हिशोब सांगितला गेला. मग रोज तृप्त होणाऱ्यांचा हिशोब केवढा असेल?

यातून दोन गोष्टी निघतात. तंगीत असलेल्याला इस्लाम खोटे हसायला सांगत नाही. त्याच्यासाठी सब्र आहे आणि मोमिनचे सब्रही त्याच्या भल्याचेच, असे मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. आणि भरल्या घराला गरिबाकडे बोट दाखवून ‘शुक्र करा’ असे सांगण्याचा अधिकार नाही. त्याच्यावर जकात, सदका आणि त्या अन्सारीसारखा उघडा दरवाजा ही जबाबदारी आहे. आपल्याहून खाली असलेल्याकडे पाहावे, वर असलेल्याकडे नव्हे, म्हणजे अल्लाहची नेमत क्षुद्र वाटणार नाही, ही हदीसही उपदेश स्वतःला करण्यासाठी आहे.

सबाच्या लोकांची हकीगत याच सूरहमध्ये पुढे येते (आयती १५ ते १७). उजवीकडे बाग, डावीकडे बाग, उत्तम भूमी. आदेश एवढाच होता की, पालनकर्त्याची रोजी खा आणि त्याचे आभार माना. त्यांनी तोंड फिरवले. धरण फुटले, पूर आला आणि त्या बागांच्या जागी कडू फळांची झाडे, झाऊ आणि थोडी बोरे उरली. यमनमधील मारिब येथे त्या प्राचीन धरणाचे अवशेष आजही उभे आहेत. बागा गेल्या त्या पुराने, पण सुरुवात तोंड फिरवण्याने, म्हणजे न पाहण्याने, झाली होती.

घरातील आठवड्याचा पाठ

हा अभ्यास कागदावर राहू नये, म्हणून एका आठवड्याचा पाठ सुचवतो. तो सर्व कुटुंबाने मिळून करावा.

१. रोज घरातील प्रत्येकाने एका निर्जीव वस्तूचे किंवा दृश्याचे एकच छायाचित्र काढावे. कॅमेरा नसेल त्याने दृश्य नुसते लक्षात ठेवावे.

२. इशाच्या नमाजनंतर पाच मिनिटे बसून प्रत्येकाने आपल्या चित्रातील नेमत एका वाक्यात सांगावी. चित्रे घराबाहेर जाऊ नयेत.

३. आठवड्यातील एका दिवशी घरातील पुरुषांनी आणि मुलांनी स्वयंपाक करावा, भांडीही घासावीत. त्या दिवशी आईने आधी जेवावे.

४. सात दिवस कोणीही अन्नाला दोष देऊ नये. करणाऱ्याचे नाव घेऊन रोज एक खरा, चांगला शब्द बोलावा.

५. एकदा तरी रस्सा वाढवून एक वाटी शेजारी पाठवावी. ती पाठवल्याचे कोणाला सांगू नये.

६. सूरह अबसच्या त्या नऊ आयती अर्थासह वाचून ताटातील एका पदार्थाचा प्रवास ढगापर्यंत मागे न्यावा. हे काम मुलांकडे द्यावे. ती आपल्याहून चांगले करतील.

आठवडा संपल्यावर प्रत्येकाने मनाशी पाहावे की, घरातील आवाज थोडा मऊ झाला का, ताटात उरणे कमी झाले का, चुलीशी उभी असणारी व्यक्ती एकदा तरी मनापासून हसली का. अल्लाहने सूरह इब्राहीमच्या सातव्या आयतीत कृतज्ञ राहणाऱ्यांना अधिक देण्याचे वचन दिले आहे. ते अधिक म्हणजे फक्त ताटातली भर नव्हे. असलेल्यातच बरकत उतरणे, हेही अधिकच आहे.

प्रेषित (स.) यांनी आदरणीय मुआज (रजि.) यांना प्रत्येक नमाजनंतर करण्याची एक दुआ शिकवली होती. तिच्यात अल्लाहकडे त्याच्या स्मरणासाठी, त्याच्या शुक्रासाठी आणि त्याच्या उत्तम इबादतसाठी साहाय्य मागितले आहे. शुक्र करण्यालाही त्याचेच साहाय्य लागते, हे त्या दुआतून कळते. अल्लाह आपल्या डोळ्यांना नेमत ओळखण्याची, हातांना ती वाटण्याची आणि जिभेला करणाऱ्याचे आभार मानण्याची तौफिक देवो. ज्या घरी आज चूल पेटली नाही, तेथवर पोहोचण्याचे निमित्त आपल्याला बनवो. आमीन.